गाडीच्या तळातलं भोक

तीन वर्षांत सुतार बहिणीच्या नवऱ्याच्या शोरूमची पायरी चढला नव्हता. आज चढला, तो काही कौतुक करायला नव्हे. सकाळी बहिणीचा फोन आला होता. "दादा, आमची नवी गाडी बघायला ये ना. दुपारी आम्ही तिघं तिच्यातूनच आठवडाभर फिरायला निघतोय." फोन ठेवल्याठेवल्या त्याने मनाशी ठरवून टाकलं, की गाडीत काहीतरी चुकलेलं असणारच आणि ते आपण चारचौघांत दाखवायचं. भावोजींचं नाक भर बाजारात कापायचं.

त्याला कारण होतं. व्हॅन आतून सजवून द्यायचा हा धंदा दोघांनी मिळून सुरू केला होता, एका गळक्या शेडमध्ये. तेव्हा व्हॅन म्हणजे पत्र्याचा रिकामा खोका. प्लंबर आला की सुतार पाइपांसाठी मांडण्या ठोकायचा, इलेक्ट्रिशियन आला की खण करून द्यायचा. मग तोच प्लंबर एक दिवस म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना कुठे बसवू, पाइपांवर?" सुतारानं त्याला काढता-घालता येणारा बाक करून दिला, पट्ट्यांसकट. पोरं मोठी झाली, तसा प्लंबर पुन्हा दारात हजर. आता गाडीत झोपताही यायला हवं होतं आणि चहाही करता यायला हवा होता. त्या बाकाचा पलंग व्हावा म्हणून सुतारानं अकरा महिने डोकं खपवलं. त्या पलंगावरच धंद्याचं उखळ पांढरं झालं.

भावोजी त्या काळात काय करत होते? बोलत होते. बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे फळ्या कापायचं यंत्र आलं, आणि जेवताजेवता भावोजी म्हणाले, "दादा, आता सगळं मशीनच कापतं. तुम्ही आराम करा." बहीण आपल्या ताटाकडे बघत राहिली. महिन्याभरात धंद्याच्या जाहिरातीची नवी पुस्तिका छापून आली. तिच्यात सुताराचा पलंग होता, शेजारी भावोजींचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, 'माझ्या कल्पनेतून'. ते सुताराच्या जिव्हारी लागलं. ती पुस्तिका त्यानं फाडली नाही. राग शिळा होऊ नये म्हणून जपून ठेवली.

शोरूमच्या मधोमध गाडी उभी होती. भोवती वीसेक गिऱ्हाइकं. जुनीही होती, नवीही होती. भावोजी दारात उभे राहून सांगत होते, "ही जमीन बघा, आक्रोडाची! कुठे सांधा दिसतोय का? आणि बूट बाहेर काढा हं, प्लीज."

सुतारानं बूट काढले, आत शिरला आणि पोलिसानं झडती घ्यावी तशी एकेक वस्तू तपासू लागला. बिजागऱ्या ठीक होत्या. खण लोण्यासारखे सरकत होते. पलंग उघडला, तर तोही मुकाट उघडला. सुताराला रडू यायचं बाकी राहिलं. भाची पलंगावर पाय सोडून बसली होती. तिनं विचारलं, "मामा, काय शोधतोयस?"

"तुझ्या बापाची अक्कल," तो पुटपुटला आणि ओट्याखालचं कपाट उघडून त्यानं सिलिंडरमागे हात घातला.

हाताला गुळगुळीत लाकूड लागलं. इकडे लाकूड, तिकडे लाकूड. भोक नव्हतं.

"भावोजी," त्यानं हाक मारली, "गॅसच्या कपाटात खाली भोक असायचं. ते कुठे गेलं?"

"बुजवलं!" भावोजी हसले. "त्यातून गार वारा यायचा, धूळ यायची. आणि फिनिशिंगची वाट लागायची. तुमची जुनी पद्धत, दादा."

गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, टबात पाणी भरावं तसा तळाशी साचतो. मग कुणीतरी सकाळी चहा ठेवायला काडी ओढतं. म्हणून सुतार प्रत्येक गाडीत आधी तळाला भोक पाडायचा आणि मगच चूल बसवायचा. हे त्यानं शंभरदा सांगितलं होतं. पण बोलणाऱ्याला ऐकायला सवड कुठे असते?

खरं सांगायचं, तर त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही. आनंद झाला. तीन वर्षांत झाला नव्हता इतका. मग त्याची नजर भाचीच्या लोंबत्या पायांकडे गेली आणि भीतीही आली. तरीही आनंद काही गेला नाही. दोन्ही शेजारी-शेजारी बसून राहिले.

त्यानं भाचीला खाली उतरवलं आणि सिलिंडर बंद करून बाहेर आणून ठेवला. मग स्वतःच्या गाडीतून ड्रिल आणि भोक पाडायची गोल करवत आणली. गाडीखाली वाकून टाकी कुठे, वायरी कुठे ते पाहून घेतलं. भावोजी नव्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात रंगले होते. ड्रिलचा आवाज झाला तेव्हा ते धावले. तोवर आक्रोडाच्या त्या बिनसांध्याच्या जमिनीत, अगदी मधोमध, वाटीएवढं भोक पडलं होतं.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला!" भावोजी किंचाळले.

"मला नाही," सुतार मोठ्यांदा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तुमच्या पुस्तिकेत सगळं माझंच आहे. फक्त हे भोक तेवढं तुम्ही काढून टाकलंत. गॅस गळला असता, तर माझी बहीण आणि भाची गाडीसकट उडाली असती."

मग एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले. "आमची गाडी तुम्हीच दिलीत. तिच्यात आहे का भोक?" भावोजी मागे सरकत खुर्चीपर्यंत गेले. "आणि आमच्या?" आणखी दोघांनी विचारलं. जुनी गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांकडे धावली. म्हातारे गृहस्थ तेवढे थांबले आणि सुताराला म्हणाले, "तुम्ही येऊन बघाल का?" आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस बाजूच्या खुर्चीत खाली मान घालून बसला होता. सुतारानं त्याच्याकडे पोटभर बघून घेतलं.

गर्दी पांगल्यावर तो पुन्हा गाडीत शिरला आणि गुडघ्यांवर बसला. कपाट उघडून त्यानं आतल्या तळाला करवत लावली. लाकडाचा तुकडा खाली शोरूमच्या फरशीवर पडल्याचा आवाज आला. मागे बहीण उभी होती.

"हे कशासाठी, दादा?"

"गॅससाठी. भोक इथेच लागतं."

तिनं मधल्या भोकाकडे पाहिलं. त्यातून शोरूमची फरशी दिसत होती.

"मग ते?"

सुतारानं करवतीवरचा भुसा फुंकला.

"ते माझ्यासाठी."