तिन्ही रकान्यांत एकच नाव

"काका, तिन्ही रकान्यांत एकच नाव कसं चालेल?" वेलफेअरच्या मॅडमनी फॉर्म स्टोअरच्या खिडकीतून आत सरकवला.

"दुसरं असतं तर लिहिलं असतं की."

मॅडम हसल्या नाहीत. कारखान्याने कामगारांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी काढली होती. अडचणीच्या वेळी इथे कुणाशी बोलता, तीन नावं लिहा, एवढाच प्रश्न. त्यावरून कॅन्टीनच्या भिंतीवर नकाशा लागणार होता. प्रत्येकाचं एक वर्तुळ, आणि ज्याने ज्याचं नाव लिहिलं त्याच्याकडे जाणारी रेघ. वरच्या साहेबांना असल्या रेघोट्यांचं भारी वेड.

"तुमची रेघ फिटरकडे जाते," मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण तुमच्याकडे एकही येत नाही. उद्या नकाशा लागायच्या आत सांगावं म्हटलं."

स्टोअरकाकांच्या पायांखालची जमीनच सरकली. सव्वीस वर्षं दिवसाला शंभर माणसं या खिडकीशी येत होती. नट द्या, ग्रीस द्या, काका आटपा लवकर. त्यांनी नाही लिहिलं, तर नाही. पण फिटरने? अठरा वर्षं दोघं एकाच बाकावर डबा खात होते. चार महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून काका नुसता पाव आणत आणि फिटर न विचारता आपली भाजी पुढे सरकवी. ती वीस मिनिटं सोडली तर काकांना दिवस ढकलायला दुसरं काही उरलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडलाच नाही.

"तू माझं नाव लिहिलं नाहीस?"

फिटरचा घास हातातच राहिला. "नाही."

"मी काय घोडं मारलंय रे तुझं?"

"वहिनी गेल्या ते मला कुठं कळलं, माहितीये? नोटीस बोर्डावर! दोन वर्षं त्या आजारी, आणि तू माझ्या शेजारी बसून काय सांगायचास, तर ग्रीस पातळ येतंय. तुला मी परकाच ना? मग मी तरी तुझं नाव कुठल्या तोंडानं लिहू?"

"तसं नव्हतं रे."

"मग कसं होतं? सांग की." फिटरने डबा बाजूला ठेवला. त्याचा राग ओसरला होता, तो खरोखरच वाट बघत होता. "बोल, लेका. आत्ता जाऊन मॅडमना नाव देतो."

काकांनी तोंड उघडलं.

"सोमवारी नट आवळायचे नवे पाने येतायत," ते म्हणाले.

फिटर उठला, डबा धुतला आणि भोंगा व्हायच्या आतच मशिनकडे निघून गेला.

थोड्या वेळाने सगळी मशिनं एकदम सुरू झाली. त्या आवाजात काका खिडकीच्या जाळीला तोंड लावून बोलू लागले. "त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, आज जाऊ नका. मी म्हटलं, मालाची मोजणी आहे, लवकर येतो. ती हात सोडेना. मी सोडवून घेतला. मी सोडवून घेतला रे तिचा हात."

"काय म्हणालात, काका?" चिठ्ठी घेऊन आलेल्या वेल्डरने कान पुढे केला.

"काही नाही. काय हवंय?"

"बारा वॉशर."

काकांनी वॉशर मोजायला घेतले. सातपर्यंत आले, चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.