समुद्राकडे तोंड केलेला अँटेना

“आता दिसतंय का?” छपरावरून क्लाइव्हने विचारलं.

“मुंग्या,” खालून मिसेस ट्रेलोर म्हणाल्या. “मघाशी निदान बातम्या देणाऱ्याचा एक कान दिसत होता. तोही घालवलास.”

क्लाइव्हने अँटेनाचा दांडा धरला आणि आणखी थोडा डावीकडे फिरवला. डावीकडे म्हणजे समुद्राकडे. टीव्हीचा मनोरा उत्तरेच्या टेकडीवर आहे, हे पोर्ट हॅली गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. समुद्र पश्चिमेला होता, आणि तिथून टीव्हीचे कार्यक्रम पाठवणारं कुणी राहत असेल तर ते मासेच असणार. क्लाइव्हला हे सगळं ठाऊक होतं. तरी तो दांडा फिरवत होता, आणि एवढ्या मन लावून फिरवत होता की खालून बघणाऱ्याला वाटावं, केवढा कष्टाळू माणूस आहे.

“आणि आता?”

“आता मुंग्यांना पिल्लं झाली.”

“मग काही खरं नाही, मिसेस टी. जुना झालाय तुमचा अँटेना. ॲडलेडहून नवीन मागवायला हवा. दोन-तीन आठवडे तरी जातील.”

“मालिका उद्या सुरू होतेय,” मिसेस ट्रेलोर म्हणाल्या.

क्लाइव्ह पाने-पक्कड पिशवीत टाकू लागला, आणि ती पिशवी भरायला त्याला उगाचच बराच वेळ लागला.

मालिकेचं सगळ्या देशाला वेड लागायचंच बाकी राहिलं होतं. वीस वर्षांपूर्वी व्हिएतनामच्या लढाईत धाडलेल्या पोरांची गोष्ट, रविवारी साडेसातला, सहा आठवडे. टीव्हीच्या साप्ताहिकावर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दात काढत हसणाऱ्या पाच पोरांचा फोटो होता. दुधाच्या दुकानात तो अंक काउंटरवरच ठेवलेला असायचा, त्यामुळे पाव घ्यायला गेलं तरी ती पाच पोरं तुमच्याकडे बघून हसायची. क्लाइव्हने दोन दिवस पाव आणणंच बंद केलं होतं.

हा क्लाइव्ह हॉकिंग कोण, असं पोर्ट हॅलीत विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, “काट्यावरचा क्लाइव्ह.” धान्याच्या कोठारांपाशी ट्रक तोलायचा मोठा काटा होता, त्याच्या खोपटात तो बसायचा. गव्हाने भरलेला ट्रक आला की तोलायचा, रिकामा होऊन आला की पुन्हा तोलायचा. बायको जॅनिस, दोन मुली, एक म्हातारी गाडी. भांडण नाही, बक्षीस नाही, वर्तमानपत्रात कधी नाव नाही. एकच गोष्ट त्याची वेगळी होती, आणि तीही गावाला इतकी सवयीची झाली होती की कुणाच्या डोळ्यांत भरत नसे. दर शनिवारी सकाळी तो मिसेस ट्रेलोरच्या अंगणातलं गवत कापायचा.

थेल्मा ट्रेलोरचा मुलगा बेव्हन आणि क्लाइव्ह एकाच आठवड्यात जन्मले होते. क्लाइव्ह मंगळवारी, बेव्हन बुधवारी. दवाखान्यात दोघांच्या आयांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. पुढे शाळेत बाक एक, फुटबॉलचा संघ एक, आणि जेटीवरून उडी मारल्याबद्दल खाल्लेला मारसुद्धा एकत्रच. मग दोघं वीस वर्षांचे झाले. त्या काळी सरकार वीस वर्षांच्या पोरांची सोडत काढायचं. पिंपात लाकडी गोळ्या टाकायच्या, गोळीवर आकडा, आकड्याची एक तारीख. जी गोळी हाताला लागेल, त्या तारखेला जन्मलेली पोरं सैन्यात. बुधवारची गोळी निघाली. मंगळवारची पिंपातच राहिली.

बेव्हन गेला आणि वर्षाच्या आत पेटीतून परत आला. त्याला पुरलं, त्याच्या पुढच्या शनिवारी क्लाइव्ह गवत कापायचं यंत्र ढकलत ट्रेलोरांच्या फाटकातून आत शिरला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि त्याला कुणी हाकललंही नाही. काम झाल्यावर मिसेस ट्रेलोरनी चहा दिला. तेव्हापासून चहा, गवत, पावसापाण्याच्या गप्पा, फुटबॉलच्या संघाला शिव्या. बेव्हनचं नाव निघायचं, नाही असं नाही. पण सोडतीचं नाव कधी निघालं नाही. ना त्यांनी काढलं, ना त्याने.

आणि पहिल्याच भागात सोडत दाखवणार होते. साप्ताहिकात तसं छापलंच होतं.

क्लाइव्हला भीती होती ती याचीच. एकदा का त्या बाईंनी ते पिंप फिरताना बघितलं, की त्यांच्या मनात यायचं ते येणार. एकच दिवस. एक गोळी इकडची तिकडे झाली असती तर माझा पोरगा आज इथे गवत कापत असता, आणि हा मातीत असता. मग पुढच्या शनिवारी त्या चहाचा कप पुढे करतील, आणि कप देताना त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतील. त्या नजरेची कल्पनासुद्धा त्याला करवत नव्हती. नशीब असं, की गुलाबी काकाकुव्यांचा थवाच्या थवा बाईंच्या अँटेनावर झोके घेऊन गेला आणि चित्र हलायला लागलं. “येऊन जरा बघतोस का रे?” म्हणून त्यांनी त्यालाच बोलावलं. सरळ करायला पाच मिनिटंही लागली नसती. तो तासभर वर होता.

घरी आल्यावर जॅनिसने मांस-बटाटा भरलेली पास्टी गरम करून पुढ्यात ठेवली.

“झालं का मिसेस टींचं काम?”

“नाही झालं. जुना आहे अँटेना.”

“मग उद्या त्यांना इकडेच बोलावू या. मी फोन करते.”

क्लाइव्हच्या घशात बटाटा अडकला. “आपला टीव्हीपण नीट नाही ना.”

“आपला? मी आत्ता बसून सबंध क्रिकेट बघितलं की.”

“रंग फिके येतात.”

“ते पांढऱ्या कपड्यांत खेळतात, क्लाइव्ह.” जॅनिसने त्याच्याकडे रोखून बघितलं. “काय केलंयस तू?”

क्लाइव्ह पास्टी खात राहिला. जॅनिसने फोन केलाच. पण परत आली ती खांदे उडवत. “नाही म्हणाल्या. म्हणे, बघेन तर माझ्या घरात, माझ्या खुर्चीत.” क्लाइव्हला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की त्याने न सांगता सगळी भांडी घासून टाकली.

रविवारी सकाळी चर्चमध्ये तो मागच्या रांगेत बसला आणि शेवटचं गाणं संपायच्या आत त्याने काढता पाय घेतला. संध्याकाळी मात्र राहवेना. सहा वाजून गेल्यावर “पेट्रोल भरून येतो” म्हणाला, आणि पेट्रोलपंप डावीकडे असताना गाडी उजवीकडे वळवली. नुसतं घरावरून जायचं, थांबायचं नाही, असं ठरवून.

मिसेस ट्रेलोरच्या भिंतीला शिडी लावलेली होती. शिडीवर खुद्द मिसेस ट्रेलोर होत्या. चर्चला जाताना घालायचा निळा झगा, पायांत घरातल्या सपाता, आणि कोपरात अडकवलेल्या पर्समधून डोकावणारा भलामोठा पाना. फार वर चढल्या नव्हत्या, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला तेवढंही पुष्कळ होतं.

क्लाइव्हने गाडीचं दारही लावलं नाही. धावत जाऊन शिडी धरली.

“उतरा. मिसेस टी, आधी खाली उतरा.”

“सरक बाजूला. माझी पायरी चुकेल.”

“पडाल ना.”

“मग काय करू? ज्याला बोलावलं त्याने अँटेना समुद्राकडे करून ठेवलाय.”

क्लाइव्हने शिडी आणखी घट्ट धरली.

“मागच्या पडवीतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो तो मला,” शिडीवरूनच मिसेस ट्रेलोर म्हणाल्या. “भांडी घासताना दुसरं बघायला आहे काय इथे? त्याचं टोक कायम उत्तरेला, कोठारांकडे असतं. काल तू गेल्यावर बघते तर जेटीकडे. आधी म्हटलं, चुकला असेल. मग म्हटलं, छे, याला शाळेत असताना भूगोलात पैकीच्या पैकी मिळायचे.”

“तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून…”

“खोटं बोलू नकोस. मी शिडीवर आहे.”

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते क्लाइव्हला कळलं नाही, पण त्याने खोटं बोलणं थांबवलं. शिडीचे दोन्ही दांडे धरून, मान खाली घालून, त्यांच्या सपातांकडे बघत तो म्हणाला, “पहिल्या भागात सोडत आहे.”

“माहितेय. वाचता येतं मला.”

“मला वाटलं, तुम्ही ते बघाल आणि मग… मग मी इथे आलो की तुम्हाला वाटेल, हा का. हा का राहिला.”

शेजारच्या नॅनकिव्हेलांचा कुत्रा कुंपणापाशी येऊन दोघांकडे बघून गेला. मग मिसेस ट्रेलोर सावकाश खाली उतरल्या, एकेक पायरी चाचपत. जमिनीवर पाय टेकल्यावर पर्स नीट केली.

“वाटलंय मला तसं,” त्या म्हणाल्या. “पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं. चहा देताना मी तुझ्याकडे बघायची नाही, त्याचं कारण तेच होतं. तुला काय वाटलं, मी लाजत होते?”

क्लाइव्हने शिडी भिंतीला पुन्हा नीट टेकवली.

“मग पुढे कधीतरी ते थांबलं. का थांबलं, मला विचारू नकोस. दर शनिवारी तू यायचास. लग्न झालं तुझं. पोट सुटलं. नंतर डोक्यावरचं उडायला लागलं. मी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, अस्सं, म्हणजे बेव्हनचंही आता मागून उडत असणार, त्याच्या बापाचं तसंच होतं. कंबर धरायला लागलास तेव्हा म्हटलं, त्यालाही वाकताना दुखत असणार. तू नसतास तर मला तो विशीतलाच राहिला असता. तुझ्याबरोबर म्हातारा होतोय तो.”

क्लाइव्हने रुमाल शोधला. तो गाडीत होता. मग त्याने बाहीच वापरली.

“पण विशीतला तो कसा होता तिकडे, ते मला कुणी सांगितलंच नाही,” त्या म्हणाल्या. “सैन्याकडून जे आलं त्यात दिवस आणि जागा. पोरं तिकडे खात काय होती, चेष्टा कुणाची करायची, बसमधून जाताना गात होती का, हे नाही. ही मालिकेतली पोरं त्याची कुणी नव्हेत, कळतं मला. नट आहेत, एक तर साबणाच्या जाहिरातीत असतो. तरी बघायचंय मला. कळलं? आता चढ वर, आणि तोंड कर त्याचं कोठारांकडे. माशांना नकोय मालिका.”

त्यांच्या पर्समधला पाना घेऊन क्लाइव्ह चढला. उन्हाळ्याचं ऊन अजून छपरावर पसरलेलं होतं, पत्रा तापलेला होता. त्याने दांडा धरून कोठारांकडे वळवला. खालून बैठकीच्या खिडकीतून आवाज आला, “थांब. थांब. आला बघ माणूस. अख्खा आला.” क्लाइव्हने पाना लावून दांड्याची पकड आवळली आणि हात सोडला. वाऱ्यासरशी अँटेना कुरकुरत पुन्हा समुद्राकडे गेला.

“गेला माणूस,” मिसेस ट्रेलोर म्हणाल्या.

त्याने पुन्हा वळवला, पुन्हा आवळला. पकडीचे आटेच राहिले नव्हते. काल तासभर त्यानेच ते फिरवून फिरवून झिजवले होते. तारेने बांधून बघितलं. पट्ट्याने बांधून बघितलं. हात सोडला की माणूस जायचा, हात धरला की माणूस यायचा. असं करता करता साडेसात वाजले आणि घराघरांतून एकच संगीत ऐकू यायला लागलं.

“सुरू झालं,” खालून आवाज आला.

क्लाइव्हने चिमणीला पाठ लावली, तापल्या पत्र्यावर पाय रोवले आणि डाव्या हाताने दांडा धरून तो उभा राहिला.

“काय चाललंय?”

“गाव दाखवतायत. शेत. एक पोरगा ट्रॅक्टरखालून बाहेर येतोय. तू नीट धर.”

रस्त्याने म्हातारे नॅनकिव्हेल कुत्र्याला घेऊन निघाले होते. त्यांनी वर बघितलं. “क्लाइव्ह, काय करतोयस तिथे?”

“टीव्ही बघतोय.”

नॅनकिव्हेलांनी थोडा विचार केला, मान हलवली आणि ते पुढे गेले.

मग खिडकीतून बराच वेळ काही आवाज आला नाही. क्लाइव्हला कळलं. त्याने विचारायचं नाही असं ठरवलं आणि तरी विचारलं.

“मिसेस टी? गोळ्या?”

“हं.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “केवढंसं आहे रे ते पिंप. मला इतकी वर्षं वाटायचं, घराएवढं असेल.”

“तुम्ही ठीक आहात ना?”

“मी ठीक आहे. तू?”

“मी पण.”

“मग गप्प राहा, आता ती बस आलीय.”

वारा वाढला होता. दांडा मुठीत जनावरासारखा ओढ घेत होता. खालून मिसेस ट्रेलोर मधूनमधून बातमी देत होत्या. त्यांचे केस कापतायत. सगळ्यांची डोकी उकडलेल्या अंड्यांसारखी झाली. तो साबणवाला रडकुंडीला आलाय. आता जेवणाची रांग. कसलं तरी पांढरं वाढलंय, ते काय आहे हे त्यांनाच कळत नाहीये. आता एकजण सार्जंटची नक्कल करतोय, आणि सार्जंट त्याच्या मागेच उभा आहे.

आणि मग टीव्हीतली ती सगळी पोरं हसायला लागली. त्यांच्या हसण्यात एक आवाज मिसळला, जाड, खोकल्यासारखा तुटक, काही केल्या न थांबणारा. क्लाइव्हने मान वळवली. मिसेस ट्रेलोरचं हे हसू त्याने शाळेत असताना ऐकलं होतं, याच घरात, जेवणाच्या टेबलापाशी, बेव्हन मास्तरांची नक्कल करायचा तेव्हा. त्यानंतर कधीच नाही.

सूर्य पाण्यात उतरत होता. डाव्या हाताला आता काही कळत नव्हतं. उजव्याने धरायचं तर चिमणीपासून वळावं लागलं असतं, आणि दांडा क्षणभर तरी हलला असता. खाली त्या अजून हसत होत्या. क्लाइव्हने दात आवळले आणि हात बदलला नाही.