बिलकिससाठी जाड तारा

“अजी, ह्या तारा आहेत की विहिरीचे दोर?” बिलकिसने दुकानात डोकावून नवऱ्याला विचारलं.

“पातळ संपल्या,” शफी मान वर न करता म्हणाला.

धडधडीत खोटं! माझा उभा जन्म थापा मारण्यात गेला, त्यामुळे दुसऱ्याची थाप मला लांबून ओळखू येते. पातळ तारांचं वेटोळं त्यानं माझ्याच मांडीखाली दडवलं होतं.

देवळाली कॅम्पाच्या बाजारात शफीचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या शिपायानं जाताना त्याला हवाई गिटार देऊन टाकली. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. सूर असा लाडात घसरत यायचा की, तुम्ही मानणार नाही, त्र्यंबकला निघालेला एक टांग्याचा घोडा दुकानापुढे थबकला, तो गाणं संपेपर्यंत हललाच नाही. उतारू बिचारे पायी गेले.

पण सध्या त्या गिटारीपुढे एकच काम होतं. शफीच्या मुलीचं, रेहानाचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यांच्याकडे मेंदीला पहिलं गाणं नवरीच्या आईनं उचलायचं असतं, आणि साथीला ही गिटार होती. बिलकिसचा गळा बाजारभर नावाजलेला. गायची काळी चारच्या उंच पट्टीत. पण हिवाळ्यातल्या तापानंतर वर जाताना आवाज फाटू लागला. आणि पट्टी उतरवायला बाई तयार नाही! “म्हातारी झाले म्हणून दवंडीच पिटा की,” म्हणायची.

शफीनं आधी पातळ तारा सैल करून पाहिल्या. त्या लुळ्या पडल्या, कांडीखाली खरखरू लागल्या. जाड तार खाली उतरवली तरी तिचा ताण राहतो, ती भरून बोलते. म्हणून आता सहाही तारा जाड लावून त्यानं सा-ग-प, पुन्हा सा-ग-प, असं सगळं बिलकिसला न सांगता एक पट्टी खाली, काळी तीनमध्ये मिळवलं.

“भाभीला कळलं तर?” मी विचारलं.

“मोतीरामभाऊ, तुम्ही तोंड उघडलं नाही तर नाही कळणार.”

“म्हणजे कळणारच की!”

मेंदीच्या दुपारी आत बायका आणि पडद्याबाहेर आम्ही दोघं. आतून शफीच्या बहिणीचा, माजिदाचा आवाज आला, “भाभी, उगाच गळा नको ताणू. गाणं मी उचलते, तू पानं लाव.”

“पान तूच खा, माजिदा. तेवढंच तोंड बंद राहील.”

बायका खदखदल्या. शफीनं सूर दिला. मग बिलकिस गाऊ लागली, कडेवर मूल घेऊन चढण चढणाऱ्या बाईसारखी, सावकाश, पाय रोवत. वरचा सूर जवळ आला तसे मी डोळेच मिटले.

लागला! स्वच्छ लागला. आतून टाळ्या पडल्या, त्यात माजिदाच्या बांगड्या सगळ्यात मोठ्यानं वाजल्या. त्या दुपारी कॅम्पातल्या तोपखान्याचा सराव बंद होता, तो ह्या गाण्यामुळेच. रविवार होता म्हणणारे म्हणोत.

संध्याकाळी बिलकिस चहा घेऊन बाहेर आली.

“बघ, आला की नाही गळा परत?” शफी म्हणाला.

तिनं मेंदीनं रंगलेलं बोट तारांवरून हलकेच फिरवलं.

“निकाह झाला की ह्याहून जाड लावा,” ती म्हणाली. “अंतऱ्याला अजून दम लागतो.”

शफीनं माझ्याकडे असं पाहिलं! मी खरंच काही बोललो नव्हतो, पण माझं कोण खरं मानणार? बिलकिस मात्र रिकामा ट्रे घेऊन आत चालली होती. तेच गाणं गुणगुणत होती, आणखी एक सूर खाली.