अडतीसला बावीस शतांश कमी

मी भास्कररावांच्या बैठकीतला थर्मामीटर बोलतोय. ताप बघायचा नव्हे, हवेचा. एका रंगाच्या दुकानदाराने दिवाळीत गिऱ्हाइकांना फुकट वाटलेला. लाकडी पट्टी, काचेची नळी आणि आत लाल द्रव. आकडे फक्त फॅरनहाइटचे, रेघा दोन-दोन अंशांवर. फुकटच्या वस्तूवर याहून बारीक रेघा कोण मारतो?

बडोद्यात पाणीगेटजवळ हे घर. भास्कररावांचे आजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात होते. संस्थान गेलं, खातं गेलं. काटेकोरपणा तेवढा घरात राहिला. मुलगा माधव त्या उन्हाळ्यात कूलर घेऊन आला, तेव्हा भास्कररावांनी लगेच नियम केला, "अडतीस सेल्सियस झाल्याशिवाय लावायचा नाही."

मे महिन्यातली दुपार. त्यांच्या पत्नी अहल्याबाईंना उकाडा सोसत नसे. माझा लाल द्रव शंभराच्या रेघेपाशी आला होता. भास्कररावांनी चष्मा सारखा केला, बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं.

"सदतीस पूर्णांक अठ्ठ्याहत्तर शतांश. अजून बावीस शतांश कमी आहे."

सून निरुपमा शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "बाबा, रेघा दोन-दोन अंशांवर आहेत. शंभर हाच मुळी अंदाज. अंदाजाला भागून शतांश कुठून येणार? सरळ अडतीस म्हणा."

"माझा भागाकार चुकलाय का?"

"नाही, भागाकार बरोबर आहे."

"मग झालं तर!"

माझ्याविषयी इतकी बारीक माहिती मला स्वतःलाही नव्हती.

शेजारचे गुणवंतभाई डोकावले. "भास्करराव, आ घर छे के भठ्ठी?" भास्कररावांनी त्यांना शतांश समजावून सांगायला घेतले. गुणवंतभाई पाणी पिऊन उभ्या उभ्याच निघून गेले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात अहल्याबाई घेरी येऊन खाली बसल्या. निरुपमा ओला टॉवेल घेऊन धावली. भास्कररावही धावले, पण माझ्याकडे! माझा लाल द्रव होता तिथेच होता.

डोळे मिटूनच अहल्याबाईंनी विचारलं, "आता किती कमी आहे हो?"

भास्कररावांनी चष्मा काढला. मग ते वळले आणि त्यांनी कूलरचं बटण दाबलं. बायकोशेजारी जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ तिचा हात सोडला नाही.

संध्याकाळी मात्र ते माधवला सांगत होते, "पूर्णांकात घेतलं तर अडतीसच होतात. माझ्या लक्षात आलं ते." निरुपमाने मान खाली घालून चहा गाळला.

पुढे घरात सेल्सियस दाखवणारं आकड्यांचं यंत्र आलं. त्यावर अडतीस पूर्णांक चार दशांश दिसले की भास्करराव गुणवंतभाईंना ओरडून सांगतात, "एकशे एक पूर्णांक बारा शतांश फॅरनहाइट!" कूलरचं बटण मात्र आता अहल्याबाईंकडे आहे. त्या पदराने मान पुसतात आणि कुठेही न बघता ते दाबतात.

मी मागच्या ओट्यावर कपड्यांच्या दोरीशेजारी टांगलेला असतो. रेघा पुसट झाल्यात. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला जरूर विचारा, पण त्याच्या रेघांपुरतंच. आणि त्याच्याही आधी, ज्याला उकडतंय त्याला विचारा.