अठ्ठावीसला तीस म्हणणारा तक्ता

मी एक जुना तक्ता आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसलेली वस्तू बहुधा आपण किती कामाला आलो ते सांगते. मीही पुष्कळ कामाला आलो. पण माझ्या हातून झालेले काम चुकीचे होते, आणि त्याची शिक्षा मला न होता एका भल्या माणसाला झाली. म्हणून ही गोष्ट मान खाली घालून सांगतो आहे.

आधी माझे रूप सांगतो. माझ्या अंगावर एकात एक अशी अर्धवर्तुळे आहेत, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी. सर्वांत आतल्या अर्धवर्तुळावर चार हा आकडा आहे, सर्वांत बाहेरच्यावर चाळीस. तळाशी सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक आडवी रेघ आहे. फुटलेल्या मडक्याच्या काठाचा तुकडा माझ्यावर पालथा उभा करतात. तो ज्या वर्तुळावर नीट बसेल, तेवढे त्या मडक्याचे तोंड रुंद होते असे समजतात. चार बोटांच्या खापरावरून अख्ख्या मडक्याचा अंदाज येतो. युक्ती साधी आहे आणि छान आहे. तक्ता खरा असेल तर.

माझा जन्म झेरॉक्सच्या दुकानात झाला. मला जन्माला घालणाऱ्यांना सगळे पेन्सिलकाका म्हणत. उत्खननात निघालेल्या निवडक खापरांची मापात चित्रे काढणे हे त्यांचे काम. त्यांच्या गुरूंनी शाईने काढलेला मूळ तक्ता घड्यांवर फाटला होता. त्याची प्रत काढायला काका आले होते.

दुकानदार म्हणाला, "काका, कागद मशीनपेक्षा मोठा आहे. कडा कापल्या जातील. बसवून घेऊ का?"

काका फाटकी घडी बोटाने सरळ करत होते. "हो हो, बसवा. सगळं आलं पाहिजे. एकही आकडा जाता कामा नये."

एकही आकडा गेला नाही. फक्त शंभराचे त्र्याण्णव झाले. आकडे जुनेच राहिले आणि वर्तुळे आक्रसली. ज्या वर्तुळावर तीस लिहिले होते, ते आता जेमतेम अठ्ठावीसचे होते. दुकानदाराने मला प्लास्टिकमध्ये घालून गरम यंत्रातून काढले. मी गुळगुळीत, कडक, चकचकीत झालो. मूळ तक्ता तिथेच कचऱ्याच्या टोपलीत गेला. काकांनी मला उजेडात धरून म्हटले, "वा! गुरुजींचा हात जसाच्या तसा उतरलाय." मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आज ते वाक्य आठवले की अंगावरचे प्लास्टिक आवळते.

मी ज्या खोलीत आलो तिला पत्र्याचे छप्पर होते आणि मधोमध एक लांब टेबल. एका टोकाला धुतलेली खापरे जाळीवर वाळत. दात घासायच्या जुन्या ब्रशने त्यांची माती काढत, वाळल्यावर आतल्या बाजूने बारीक शाईने क्रमांक घालत आणि तो पुसू नये म्हणून त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा हात फिरवत. ही खापरे नवाश्मयुगातल्या माणसांची होती. माणूस तेव्हा शेती करू लागला होता, हाताने मडकी घडवत होता आणि दगड घासून कुऱ्हाडी करत होता. लिहिता मात्र त्याला येत नव्हते. त्यामुळे त्याच्याविषयी जे काही कळायचे, ते खापरांकडून आणि दगडांकडूनच.

खापरांचा अभ्यास बाईंकडे होता. साऱ्या कामाच्या प्रमुखही त्याच. दगडी हत्यारांचा अभ्यास करणाऱ्याचे नाव विद्यार्थ्यांनी पाठीमागे दगडोबा ठेवले होते. त्याला ते कळले तेव्हा तो म्हणाला, "पाठीमागे कशाला? तोंडावर म्हणा. दगड निदान खोटं बोलत नाही." तेव्हापासून बाईही त्याला दगडोबाच म्हणत.

खोदताना वरचा, म्हणजे नंतरचा थर आधी लागतो. पहिल्या वर्षी वरच्या थरातली खापरे मूळ तक्त्यावर मोजून झाली होती. दुसऱ्या वर्षी खालचा, जुना थर लागला आणि ती खापरे माझ्यावर आली. चारशे अकरा तुकडे. बाई तुकडा ठेवत, हलवत, बसवत आणि आकडा वहीत लिहीत. मी चौदाला पंधरा म्हणालो. अठ्ठावीसला तीस म्हणालो. एकदाही अडखळलो नाही. खोट्याचे हे एक सोयीचे असते, ते सगळीकडे सारखेच असेल तर खरे वाटते.

महिनाभराने बाईंनी दोन्ही वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"दगडोबा, इकडे या. वरच्या थरात मडक्यांची तोंडं चौदा आणि अठ्ठावीसच्या आसपास. खालच्या थरात पंधरा आणि तीस. हाताने मडकं घडवणारा पट्टी घेऊन बसत नाही, त्याच्या हाताला माप बसलेलं असतं. ते माप आई लेकीला देते. माप बदललं म्हणजे माणसं बदलली. खालचे लोक वेगळे, वरचे वेगळे!"

दगडोबाने दोन काळ्या कुऱ्हाडी टेबलावर ठेवल्या. "ही वरची, ही खालची. दगड एकाच खाणीतला, घासायची तऱ्हा एक, धारेचा कोन एक. तुमच्या नव्या लोकांनी जुन्यांची मडकी टाकली आणि कुऱ्हाडी तेवढ्या वारसाहक्काने घेतल्या?"

"तुमच्याकडे कुऱ्हाडी नऊ. माझ्याकडे खापरं चारशे अकरा."

"बहुमत तुमचं," दगडोबा म्हणाला आणि कुऱ्हाडी उचलून गेला.

त्या वेळी माझे कौतुक फार झाले. पाहुणे आले की बाई मला हातात घेऊन दाखवत. एकाने माझा फोटो काढला. मी चमकलो.

चमकत नव्हते ते एकटे पेन्सिलकाका. चित्र काढताना ते आधी कंपासने वर्तुळ काढत आणि खापर त्यावर ठेवून पाहत. वहीत तीस लिहिले म्हणून तिसाचे वर्तुळ काढले, की खापराची दोन्ही टोके रेघेच्या आत वळत. माझ्यावर ठेवले की चपखल बसे. काकांनी पहिल्यांदा कंपासवर संशय घेतला आणि नवा कंपास आणला. तरी तेच. मग त्यांनी चष्म्याची काच पुसली. दोन दिवसांनी पुन्हा पुसली. माझ्यावर संशय घेण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. माझ्या अंगावर त्यांना गुरूंचा हात दिसत होता. शेवटी त्यांनी वहीतला आकडा बाजूला ठेवला आणि खापर सांगत होते तसे चित्र काढले, अठ्ठावीसचे.

या उत्खननावरचे बाईंचे पुस्तक छापखान्यात जायची तारीख जवळ आली तेव्हा बाईंनी वही आणि चित्रे ताडून पाहिली. चहाची वेळ होती, खोलीत आठ-दहा जण होते.

"काका, हे काय? वहीत तीस, चित्रात अठ्ठावीस. इथे पंधरा, चित्रात चौदा. एकदोन नाहीत, चाळीस चित्रं अशी आहेत."

काका उभे राहिले. "बाई, तुकडा जे म्हणाला ते काढलं."

"आणि तक्ता काय म्हणतो?"

काकांनी माझ्याकडे पाहिले. "तक्ता तीसच म्हणतो."

"मग?"

"हाताला तीस पटत नाही."

कोणीतरी फिसकन हसले. बाईंनी कप खाली ठेवला. त्या दुष्ट नव्हत्या, थकलेल्या होत्या. पण शब्द गेला तो गेलाच. "काका, तुमच्या हाताला पटावं म्हणून चार हजार वर्षांपूर्वीचं मडकं लहान होणार नाही. वय झालं की डोळे फसवतात. तपासून घ्या. तोवर घरी आराम करा, चित्रं दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ."

काकांनी पेन्सिली गोळा केल्या. सात होत्या. एक गडगडत माझ्यावर आली आणि थांबली. ती त्यांनी उचलली, माझ्यावरचा शिशाचा डाग बाहीने पुसला आणि गेले. जो तक्ता आपल्याला खोटे पाडतो आहे त्याला पुसून जाणारा माणूस मी पाहिला. मित्रांनो, मी कागद आहे, मला तोंड नाही. पण त्या क्षणी असते तरी मी बोललो असतो का, याची मला खात्री नाही. मला माझी चकाकी आवडत होती.

चार महिने गेले. नवी चित्रे झाली, सगळी माझ्या आकड्यांनी. पुस्तकाची पहिली कच्ची छपाई तपासायला आली. एका दुपारी दगडोबाला कुऱ्हाडीचा फोटो काढायचा होता आणि शेजारी ठेवायची मापपट्टी सापडेना. त्याने मला ओढले आणि तळाच्या आडव्या रेघेशी कुऱ्हाड टेकवली. मग तो थांबला. ती कुऱ्हाड त्याच्या नोंदीत तेरा सेंटिमीटरची होती. माझ्यावर ती चौदाची भरत होती.

त्यानेही आधी स्वतःलाच दोष दिला. पुटपुटला, "झालं! माझाही पेन्सिलकाका झाला." मग पोलादी पट्टी आणली, कुऱ्हाड मोजली. तेरा. पट्टी माझ्या रेघेला लावली. माझे दहा संपले तिथे पट्टीवर नऊ आणि तीन रेघा होत्या.

"बाई," त्याने हाक मारली, "जरा येता का? एकट्याच या."

बाईंनी स्वतः पट्टी लावली. एकदा सरळ, एकदा उलटी. मग त्यांनी दोन्ही वर्षांच्या वह्या पुन्हा शेजारी शेजारी ठेवल्या. लोक बदलले नव्हते. आईने लेकीला दिलेले माप पिढ्यान् पिढ्या तेच राहिले होते. बदललो होतो तो मी.

"काकांचा हात बरोबर होता," बाई म्हणाल्या.

दगडोबा म्हणाला, "माझ्या कुऱ्हाडीही बरोबर होत्या, पण ते राहू दे. कुऱ्हाडीला कोणी डोळे तपास म्हणालं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला पिशवीत घातले आणि काकांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचे घर. दार काकूंनी उघडले.

"या. कसं काय येणं केलंत?" काकूंच्या स्वरात पाणी होते, पण ते कढत. "तपासलेत हो डोळे. डॉक्टर म्हणाले, अजून दहा वर्षं बघायला नको. पण ह्यांचा विश्वासच बसत नाही. तेव्हापासून पेन्सिल धरली नाही. सामानाची यादीसुद्धा मी लिहिते."

"अगं, त्यांना बसू तर दे," आतून काका म्हणाले.

बाईंनी मला बाहेर काढले, शेजारी पट्टी ठेवली आणि झाले ते सांगितले. काही लपवले नाही. शेवटी म्हणाल्या, "काका, माझी चूक झाली. पुस्तक अजून छापलं गेलेलं नाही. आकडे बदलते, तुमची चित्रं परत घालते. कुणाला कळायचंही नाही."

काका पट्टीकडे पाहत होते. मग त्यांनी कपाळाला हात लावला. "'बसवून घेऊ का' म्हणाला तो. आणि मी म्हटलं, बसवा." ते हसले, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. "बाई, हा तक्ता मीच करून आणला. आणून ठेवताना त्याला पट्टी लावली नाही. गुरुजी असते तर कान धरला असता."

"म्हणजे दोघांचीही चूक. मिटलं मग."

"नाही मिटलं." काकांचा आवाज चढला नव्हता. "डोळे गेले हे तुम्ही दहा जणांसमोर म्हणालात. परत आले हे मात्र माझ्या घरात, दार लावून सांगताय. 'कुणाला कळायचं नाही' हेच तर नको. पुस्तकात लिहा. तक्ता चुकीचा होता, त्यावरून काय समजलो होतो, आणि ते का खोटं निघालं. तक्ता कोणी आणला तेही लिहा, माझ्या नावासकट. मग येतो मी."

बाईंची मान खाली गेली. त्या मोठ्या अभ्यासक होत्या, दोन वेगळ्या लोकांविषयी त्यांनी भरल्या सभागृहात व्याख्यान दिले होते. आता आपल्याच पुस्तकात ते खोडायचे होते. काकू दारात पदर हातात धरून उभ्या होत्या. बाईंनी पट्टी पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "लिहिते. सगळ्यांत पुढे लिहिते."

"पुढे नको," काका म्हणाले, "जिथे मापं आहेत तिथे लिहा. शोधणारा तिथेच येतो."

सोमवारी काका आले. चहाच्याच वेळी, आठ-दहा जणांसमोर, बाई उभ्या राहून बोलल्या. थोडेच बोलल्या, पण काही गाळले नाही. फिसकन हसणारा आता जमिनीकडे पाहत होता. काकांनी कोणाकडे पाहिले नाही. त्यांनी मला उचलले, टेबलाच्या उजेडाच्या बाजूला ठेवले, माझ्याशेजारी पोलादी पट्टी ठेवली आणि माझे चित्र काढायला घेतले. पहिली रेघ वाकडी आली, ती त्यांनी खोडली. दुसरी सरळ आली. माझे प्रत्येक वर्तुळ त्यांनी त्याच्या खऱ्या मापाने काढले, आणि त्यावरचा माझा खोटा आकडाही तसाच लिहिला.

ते चित्र पुस्तकात आहे. खाली तीन ओळींत माझा गुन्हा लिहिला आहे. मापे शोधत येणारा प्रत्येक जण तो वाचतो. मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

मित्रांनो, तुमच्याही हातात पट्ट्या येतील, वजनकाटे येतील, छापलेले आकडे येतील. त्यांची काळजी घ्या, म्हणजे नुसते पुसून ठेवू नका, अधूनमधून त्यांनाच मोजा. आणि एखाद्या माणसाचा सरावलेला हात छापील आकड्याला 'नाही' म्हणाला, तर त्याला घरी पाठवण्याआधी थोडे थांबा. काकांना घरी पाठवले त्या दिवशी मी त्याच टेबलावर होतो. पट्टी शेजारच्या खणात होती.