उद्या गाडी घेऊन या

साहेबराव ओव्हाळांची एकाहत्तर सालची गाडी शुक्रवारी आरटीओत पास झाली.

हे वाक्य कुणी वाचलेलं नाही असं धरून चालू. आज मंगळवार आहे. गाडी रहाटणीत इम्तियाजभाई मुलाणींच्या गॅरेजात उभी आहे आणि तिच्याखाली पाणी आहे.

"गाडीला प्रोस्टेट झालाय," साहेबरावांनी स्वानुभवावरून निदान केलं.

सहा महिन्यांत इम्तियाजभाईंनी दोन होज पाइप, वॉटर पंप आणि रेडिएटरचं झाकण बदललं होतं. गळतीनं मनावर घेतलं नव्हतं. गार इंजिन थेंब सोडायचं नाही. काळेवाडीच्या सिग्नलला तापलं की खाली डबकं. शुक्रवारी तपासणीत नापास झाली तर गाडी भंगारात जाणार, हे साहेबरावांच्या लेकीनं, साक्षीनं, आधीच सांगून ठेवलं होतं. साक्षी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे रोज चारशे इंजिनं गळतायत का हे बघणं तिचं काम. आज तिनं तिथलं दाब तपासायचं यंत्र मागून आणलं होतं. रेडिएटरला लावलं, दाब दिला. काटा हलला नाही.

"झीरो लीक, चाचा. आमच्याकडे ही गाडी पास."

"मग खाली हे काय, तिला घाम आलाय?"

इम्तियाजभाई एकसष्ट वर्षांचे, गुडघ्यांनी पंच्याऐंशीचे. त्यांनी फडक्यानं इंजिन कोरडं केलं आणि त्यावर चेहऱ्याला लावायची पांढरी पावडर चहूबाजूंनी भुरभुरली.

"आता टिकली बी लावा," साहेबराव म्हणाले.

इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं. मग एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात दाढीचा आरसा घेऊन इम्तियाजभाई मागच्या बाजूला वाकले. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून पांढऱ्या पावडरीवर एक रेघ ओघळली होती. पिवळी.

त्यांनी रेघेला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"काय हाय?"

"हळद."

"इंजिनात?" साहेबराव म्हणाले. "लगीन ठरलं का काय त्याचं?"

साक्षी हसली. इम्तियाजभाईंनी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि स्टुलावर बसले.

"साहेबराव, चूक माझी आहे. दोन हजार सहा साल. तुम्ही सेकंड शिफ्टला होतात. तानुवहिनी रिक्षा करून इथे आल्या. म्हणाल्या, गाडी गळतीय म्हणून हे विकायला निघालेत, गळती थांबली तर ठेवतील. काहीतरी करा. मी म्हटलं, चमचाभर हळद टाका रेडिएटरमध्ये. ट्रकवाले टाकतात, बारीक भोक बुजतं. आजचा दिवस निघेल. उद्या गाडी घेऊन या, पक्कं करून देतो."

"मंग?"

"उद्या गाडी आलीच नाही. आणि मी विचारलं पण नाही."

साहेबराव गाडीकडे बघत राहिले. त्यांची बायको, तानुबाई, दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभी असायची.

"मला वाटायचं, पुसती," ते म्हणाले. "आन मी कंपनीभर सांगत फिरायचो, गाडीवर आपला हात हाय म्हणून थेंब गळत न्हाई."

तानुबाईला जाऊन वर्ष झालं होतं, गळती सुरू होऊन सहा महिने. साक्षीनं बोटांवर महिने मोजले आणि मूठ मिटली.

"अठरा वर्षं, चाचा," ती म्हणाली. "आमच्याकडे एखादा पार्ट तीन वर्षं टिकला तर केक कापतात."

"इंजिनच्या मागे भोकावर पत्र्याची टोपी असते, ती गंजलीय," इम्तियाजभाई म्हणाले. "नवी बसवतो. पण आधी हळद धुवावी लागेल. सगळी. रेडिएटर चोंदलाय."

"थोडी ऱ्हाऊ दिली तर?"

"आरटीओपर्यंत पोचणार नाही. वाटेतच तापून बसेल."

साहेबराव उठले, नळी स्वतःच्या हातात घेतली. "सोडा पाणी."

पिवळं पाणी पाऊण तास वाहिलं. समोरच्या सोसायटीचा वॉचमन, कुणाचं कार्य आहे, असं विचारून गेला. साहेबरावांनी 'घरचंच हाय' म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी इम्तियाजभाईंनी गिअरबॉक्स उतरवला. त्या मापाची टोपी कुठेच मिळेना. बनवणारे बहुधा वारले होते. मग चिंचवडला ओळखीच्या लेथवर त्यांनी पितळेची टोपी स्वतः कातून आणली आणि गाडीखाली पाठीवर पडून, हातोडीचा एकेक टोला जपून देत ती बसवली. साक्षीनं दाब दिला. काटा हलला नाही.

इम्तियाजभाईंनी टोपीवर नखानं टकटक केली, कान दिला आणि टोपी उपटून काढली.

"चाचा! पास होती ना!"

"आजच्यापुरती होती."

पुन्हा लेथ, पुन्हा पाठ, पुन्हा टोले. दोन माणसांनी हात दिल्यावर ते गाडीखालून बाहेर आले. गिअरबॉक्स चढवला, इंजिन चालू केलं, खाली पुठ्ठा टाकला. तासानं पुठ्ठा काढला. कोरडा.

साहेबराव पुठ्ठा उलटा करूनही बघत होते. "रविवारी आता कोन काय करनार?" त्यांनी विचारलं.

"पुसत जा," इम्तियाजभाई म्हणाले.

तपासणीच्या फॉर्मवर 'वाहनात केलेले बदल' या रकान्याला एकच ओळ होती. साहेबरावांना ती पुरली नाही. साक्षीनं त्यांच्या सांगण्यावरून वेगळा कागद जोडला:

"मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी यांस. सदर वाहनातील पाणी सन २००६ ते २०२४ या कालावधीत माझी पत्नी कालकथित तानुबाई साहेबराव ओव्हाळ यांनी थांबविले. त्यानंतर श्री. इम्तियाज मुलाणी यांनी ते कायमचे थांबविले. अर्जदाराने या काळात फक्त गाडी चालविली. तरी नोंदणी पुस्तकातील मालकाच्या रकान्यात उपरोक्त दोघांची नावे पूर्वलक्षी प्रभावाने घालावीत व अर्जदाराची नोंद 'ड्रायव्हर' अशी करावी, ही नम्र विनंती."