खंडेनवमीचे चाक

लवूने नवीन ब्रेक लायनर पोत्यावर ठेवले आणि पाना घेण्यासाठी हात मागे नेला. हात कोरड्या, सारवलेल्या जमिनीवर पडला. तेथे पाना नव्हता. पकड नव्हती, स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. सकाळी मागच्या चाकातून ओढून काढलेला लांब एक्सल आणि त्याचा नटसुद्धा नव्हता. अंगणात होती ती केवळ मोटरसायकल, मागचा भाग उघडा पडलेली, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले तिचे चाक.

"हौसा, अगं हितली हत्यारं कुटं गेली?"

त्याची बायको हौसा पदराला हात पुशीत दारात आली. तिच्या मुखावर काम वेळेत आटोपल्याचे समाधान होते.

"चिंच लावून लख्ख घासली. देवाजवळ ठेवली."

"आनि तो दांडा? लांबडा?"

"तो बी. लोखंडाचाच होता की."

लवूने कपाळावर हात मारला. आज खंडेनवमी आहे ही गोष्ट लायनर आणण्याच्या घाईत त्याच्या मनातून पूर्णपणे निघून गेली होती. त्याच्या घरी नवमीस सर्व हत्यारे धुऊन, हळदकुंकू वाहून मांडली जात, आणि एकदा मांडलेले हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी हलवीत नसे. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला त्या दिवशी विसावा, असा लवूच्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, दंडक होता. त्या दिवशी घरात विळीवर भाजीदेखील चिरली जात नसे. हौसा शेंगा हाताने मोडीत असे.

तो आत गेला. देव्हाऱ्यापुढच्या पाटावर कोयता, विळा, कुदळीचे पाते आणि त्यांच्या शेजारी त्याचे पाने ओळीने निजले होते. एक्सलवर कोणीतरी झेंडूचे फूल ठेवले होते. समई शांतपणे जळत होती. लवू पाहून परत फिरला.

"आता गं?" तो हलक्या आवाजात म्हणाला.

हौसेच्या ध्यानी आता कुठे आले. तिने चाकाकडे पाहिले, मोटरसायकलकडे पाहिले, आणि ती पायरीवरच बसली.

आज सायंकाळी त्या दोघांना देवरुखच्या पलीकडच्या वाडीत, हौसेच्या माहेरी पोचायचे होते. तिची आई फार थकली होती. अलीकडे तिला माणसे ओळखू येत नव्हती. हौसेचा भाऊ केरू मुंबईहून आला होता आणि उद्या पहाटेच्या गाडीने तो आईला कायमची आपल्याकडे नेणार होता. वाडीत जाणारी एस.टी. दुपारीच निघून गेली होती. घाटाच्या उतारावर ब्रेक धरत नाही म्हणून तर लवूने आज चाक उतरविले होते. आणि ज्या बाईला पोचवायचे, तिनेच त्या चाकाचा एक्सल देवापुढे निजविला होता.

"मी बगून येतो," असे म्हणून लवू शेजारी गेला.

शेजारचा बाबू रिक्षा चालवीत असे. त्याची रिक्षा अंगणात केळीचे खुंट बांधून नववधूसारखी उभी होती.

"पाना? हाय की," बाबू म्हणाला. "पन हार घालून बसलाय. उद्या ये, नि फुकट घेऊन जा."

"उद्या घेऊन काय करू? तुज्या डोक्यात घालू?"

"उद्या घाल. आज नवमी हाय."

खालच्या आळीत हेच उत्तर मिळाले. नाक्यावरचे गॅरेज बंद होते आणि त्याच्या शटरवर आंब्याच्या डहाळ्या लटकत होत्या. जणू साऱ्या गावाच्या लोखंडाने आज संगनमताने रजा घेतली होती. वरच्या आळीत खोल्या घेऊन राहणाऱ्या शिक्षिका वेदिकाबाईंनी मात्र उत्सुकतेने आपल्या स्कूटरची डिकी उघडून दाखविली.

"आम्ही पुस्तकं पुजली हो. हत्यारं तशीच आहेत. ही चालतील?"

प्लास्टिकच्या पिशवीत बोटभर लांबीचे दोन पाने होते. लवूने त्यांचे मनःपूर्वक आभार मानले आणि तो रिकाम्या हाताने परतला. शिवाय पाना मिळाला असता, तरी एक्सल कोठून आणणार होता?

घरी हौसा आपली पिशवी रिकामी करीत होती. आईसाठी केलेल्या ओल्या नारळाच्या वड्या तिने डब्यातून ताटलीत काढल्या. दात नसलेल्या तोंडात विरघळाव्यात इतक्या त्या मऊ होत्या. ओटीवर आप्पा पंचा पांघरून बसले होते. ऐंशीच्या घरातला हा माणूस कमी बोले. हौसेने ताटली त्यांच्यापुढे ठेवली.

"खावा आप्पा. उद्यापर्यंत टिकायच्या नाईत."

"तुज्या आयशीच्या ना ह्या?"

"व्हय. पन आता ऱ्हायलं. माजीच चूक. दांडा घासायच्या आदी इचारायला हवं व्हतं."

ती इतक्या साध्या स्वरात बोलली की लवूने खाली मान घातली. आप्पांनी एक वडी उचलली, तिच्याकडे पाहिले आणि ती पुन्हा ताटलीत ठेवली. मग खांबाला धरून ते उठले.

"लवू, ती हत्यारं उचल."

"काय?"

"उचल म्हनतो. पूजा व्हायची हाय अजून."

"व्हायची हाय?" लवू थक्क झाला. "फुलं वाहिल्यात की!"

"ती नुसती मांडलीत."

"आनि समई?"

"तिथं काळोख असतो, म्हनून लावली. तू माजी उलटतपासनी करनार, का चाक बसवनार?"

"मग हे आदी सांगायचंत ना, आप्पा! मी गावभर पाना मागत हिंडलो. बाबू हसला मला."

लवू हत्यारे उचलायला आत वळला. हौसा मात्र जागच्या जागी उभी राहिली. सकाळी लवू लायनर आणायला गेला असताना आप्पांनी पूजा केली होती. घंटा वाजली होती, नैवेद्य तिनेच आणून ठेवला होता. तिने सासऱ्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले. अनामिकेवर अजून कुंकू होते. आप्पांनी तो हात सावकाश पंच्याखाली घेतला.

"बगतेस काय?" ते म्हणाले. "वड्या भर डब्यात."

त्यानंतर अंगणातले काम वेगाने सुरू झाले. लवूने नवे लायनर स्प्रिंग ताणून प्लेटवर चढविले, प्लेट चाकात बसविली आणि हौसेला गाडी एका बाजूला कलती धरायला लावली. मडगार्डखालून चाक आत सरकवून त्याने ते साखळीच्या चक्राकडच्या रबरांच्या खाचांत दाबले आणि गाडी पुन्हा स्टँडवर सरळ केली. परंतु एक्सल जाण्याची भोके एका रेषेत येईनात.

"फळी घाल खाली. जरा वर. जास्ती नको!"

"तुमीच म्हनताव वर, तुमीच म्हनताव नको."

"तू भोकातून बग. पलीकडचं दिसतंय काय?"

हौसा गुडघ्यांवर बसली आणि तिने एक डोळा मिटला.

"काळं दिसतंय... अजून काळंच... थांबा! थांबा, माड दिसला!"

"मग हालू नको."

लवूने एक्सलवरची हळद पुसली, त्याला ग्रीस चोपडले आणि तो भोकातून आत ढकलला. एक्सल निम्म्यावर अडला. तेव्हा आप्पा पायरी उतरून आले, त्यांनी चाकाचा वरचा भाग दोन्ही हातांनी धरून केसभर हलविला, आणि एक्सल सुळकन पलीकडे निघाला. लवूने नट आवळला, ब्रेकचा दांडा जोडला, चाक हाताने फिरविले. ते घरघर न करता फिरत राहिले. हौसेने ब्रेकवर पाय दिला, तसे ते जागच्या जागी थांबले.

"धरलं गो!" लवू म्हणाला, आणि एवढ्या मोठ्याने हसला की बाबू कुंपणावरून डोकावला.

"कुटून मिळाला पाना? उचललास काय रे नवमीचा?"

"आमची पूजा व्हायची हाय अजून," हौसा तत्काळ म्हणाली.

निघण्यापूर्वी तिने पाने पुन्हा घासून पाटावर मांडले. आप्पांनी नवे फूल वाहिले, अक्षता वाहिल्या आणि हात जोडून डोळे मिटले. ते नेहमीपेक्षा अधिक वेळ तसेच बसले. हौसेने घंटा वाजविली नाही. ती सकाळीच वाजून गेली होती; अंगणात गाडी चालू ठेवून उभ्या असलेल्या लवूला ते ठाऊक नव्हते. तिने फक्त सासऱ्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"जा आता," आप्पा म्हणाले. "उतारावर धरून बस."

दिवेलागणीला ती दोघे वाडीत पोचली. केरू पायरीवरच भेटला. त्याचा चेहरा ओढलेला होता.

"ताये, वाईट वाटून घेऊ नको हां. दोपारपासून कुनाला वळखत नाय. मलाच इचारते, कुनाचा रं तू."

आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. हौसा तिच्यापुढे जाऊन बसली. वाटेतल्या वाऱ्याने हौसेचा अंबाडा सुटून केस खांद्यांवर पसरले होते.

"आये."

म्हातारीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अशी झिपरी शाळंत जानार तू? फिर, पाठ कर इकडं."

हौसा वळून बसली. थरथरणाऱ्या बोटांनी म्हातारीने तिच्या पिकत चाललेल्या केसांचा मधोमध भांग पाडला आणि एक वेणी घालायला घेतली. लवू डबा हातात धरून दारातच थांबला.

"रिबनी कुटं हाईत?"

"हरवल्या आये."

"रोज हरवतंस."

"उद्या नाय हरवनार," हौसा म्हणाली, आणि आईच्या हातांना सोपे जावे म्हणून तिने मान आणखी थोडी मागे दिली.